घरी कोण कोण

"शिक्षेबद्दल काही सांगायचंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

पिंजऱ्यातला तुळशीराम तोंड उघडणार, तोच त्याचा वकील उठला. पूर्वी जामीन मागताना केलेलं भाषणच त्यानं पुन्हा सुरू केलं. "साहेब, घरी म्हातारी आई आहे, बायको आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे. तिघी याच्याच वाटेकडे डोळे लावून बसल्यात."

तुळशीरामची मान सवयीनं दाराकडे वळली. चुलतभावाच्या खुनाचा आरोप कोर्टानं त्याच्यावर ठेवला, त्या दिवशी तिघी तिथंच उभ्या होत्या. आईच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. मग तारखांमागून तारखा पडत गेल्या. तो तुरुंगात असतानाच आई गेली. बायकोनं लेकीला घेऊन दुसरा संसार मांडला. आज दारात फक्त शिपाई जांभई देत होता.

"खरं आहे हे?" न्यायाधीशांनी पेन उचललं.

क्षणभर त्याला वाटलं, हो म्हणावं. निदान कोर्टाच्या कागदावर तरी घर भरलेलं राहील.

"आरोप ठेवला तेव्हा खरं होतं, साहेब," तो म्हणाला. "आता वाट बघणारं कुणी राहिलं नाही. तुम्ही सावकाश लिहा."