एलुवियावर पहारा

"एलुविया पळणार," तोमासा म्हणाली आणि मक्याच्या पिठाचा गोळा तळहातावर थापत राहिली.

फेलिपाच्या चुलीपाशी तिघी बसल्या होत्या. चौथीला, म्हणजे एलुवियाला, मुद्दामच बोलावलं नव्हतं. चौघींचा मिळून बँकेत एक गट होता. तारण म्हणून फक्त एकमेकींची हमी. एकीनं बुडवलं की उरलेल्या तिघींनी भरायचं. टेकडीवर टॉवर आल्यापासून कर्जमंजुरीही फोनवरच कळायची. सोमवारी ती कळली, या खेपेला तिप्पट रकमेची. चौघींनी शहरात जाऊन आपापल्या केत्सालच्या नोटा उचलल्याही.

"कशावरून म्हणतेस?" नातालियानं विचारलं. ती सगळ्यांत लहान, पटकन घाबरणारी.

तोमासानं सांगितलं. एलुवियानं डुक्कर विकलं. जाड तळव्याचे बूट घेतले. नवरा शिकागोत, रोज त्याच्याशी फोनवर कुजबुज. गेल्या वर्षी खालच्या आळीतली कार्मेलिना अशीच गेली. सकाळची बस, दुपारी तेकून उमान, तिथं तराफ्यावरून नदी ओलांडली की मेक्सिको. तिच्या गटातल्यांना जमिनी विकून कर्ज फेडावं लागलं.

"तुला बऱ्या गं सगळ्या वाटा ठाऊक," फेलिपा हसली. पण तिच्याही मनात पाल चुकचुकलीच. विकण्याजोगी तिच्याकडे एकच गोष्ट होती, गाय. तिच्या दुधावर आई नसलेली दोन नातवंडं वाढत होती.

गाय परसात रवंथ करत होती. तोमासाला तिच्याकडे बघवेना.

तोमासाचाही नवरा तिकडेच. त्याचा फोन येणं कधीच थांबलं होतं, त्यामुळे ही एलुवियावर जळते की काय, असं नातालियाला क्षणभर वाटलं. तोंडावरच विचारू या का तिला, ती म्हणाली.

"विचारून कोण कबूल होतं?" तोमासा म्हणाली. "शुक्रवारी बँकेची बाई येईल, पैशाचं काय घेतलं ते बघेल. पळायचं तर त्याआधीच. तोवर डोळ्यांत तेल घालून बसायचं."

मग पहारा ठरला. गुरुवारी बाजार. निम्मं गाव पहाटेच खाली उतरतं, सकाळच्या बसला चिटपाखरूही नसतं. तोच दिवस धोक्याचा. नातालिया एलुवियाच्या दारासमोर विणकाम घेऊन बसेल, फेलिपा मागच्या ओढ्यावर धुणं नेईल. राहिला बसथांबा. तिथं सावलीचा पत्ता नाही. मी बसते, तोमासा म्हणाली.

फेलिपाला भरून आलं. केवढा त्रास घेतेस बाई आमच्यासाठी, असं ती दोनदा म्हणाली. तोमासानं उलट संध्याकाळी तिलाच आपल्या दोन कोंबड्या आणून दिल्या. खाद्य परवडत नाही, तुझ्या नातवंडांना अंडी होतील, म्हणाली.

फोनवर पैसे जाळायचे नाहीत, नुसती रिंग द्यायची. एक रिंग म्हणजे घरात आहे, दोन म्हणजे निघाली.

गुरुवारी तोमासा फडक्यानं झाकलेली टोपली घेऊन थांब्यावर बसली. थोड्या वेळानं एक रिंग आली. मग पुन्हा एक. ऊन चढलं. तिसऱ्यांदा फोन वाजला तो थांबेचना. फेलिपा चक्क पैसे खर्चून बोलत होती.

"अगं, आपण उगाच पाप घेतलं डोक्यावर. एलुवियानंच हाक मारून आम्हाला अटोल प्यायला बोलावलं. बूट तिच्या पोराचे आहेत, कॉफीच्या मळ्यावर कामाला लागलाय तो. डुक्कर विकून आणलेत. तू ये बाई परत, उन्हात बसू नकोस. गायीचं दूध ठेवलंय तुझ्यासाठी."

तोमासानं टोपली जवळ ओढली.

"आलेच," ती म्हणाली.

वळणावर भोंगा वाजला. बस धूळ उडवत येऊन थांबली. दारातल्या कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचंय, ताई?"

तोमासानं टोपलीवरचं फडकं काढलं, आतले जाड तळव्याचे बूट पायांत चढवले आणि म्हणाली, "तेकून उमान."