दोन कुलपांची पेटी

"तिसरी?" लेकीने विचारलं.

फोरमनने चिठ्ठीची चौकोनी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. "तिसरी. चार नंबरच्या प्रेसचा ब्रेक सुटतो. बटणाला हात लावला नाही तरी ठोकळा खाली येतो."

"दोनदा लिहिलंत की."

"तिसऱ्यांदाही लिहीन. चार नंबरवर तू बसतेस."

लेक ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. "बाबा, तुमच्या निवृत्तीला पाच महिने उरलेत. आधीच्या फोरमनने तोंड उघडलं तर त्याला गोदामात खोकी मोजायला बसवलं. आणि चिठ्ठीवर नाव नसलं म्हणून काय झालं? तुमचं अक्षर अख्खा कारखाना ओळखतो."

"ती पेटीच्या आधीची गोष्ट."

पेटी कारखान्याच्या दारात, हजेरीच्या यंत्राशेजारी होती. लोखंडी, वर बोटभर रुंद फट, खाली दोन कुलपं. एका कुलपाची किल्ली मालकाकडे, दुसऱ्याची सरकारी निरीक्षकाकडे. सरकार आणि मालकांचं ठरलं होतं: निरीक्षकाने दंडाचा बडगा उगारायचा नाही, मालकाने काही झाकायचं नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघांनी मिळून पेटी उघडायची. ज्या मशीनबद्दल चिठ्ठी निघेल ते त्याच दिवशी बंद. आलेल्या चिठ्ठ्यांचा आकडा शेजारच्या फळ्यावर खडूने लिहायचा.

पहिल्या सोमवारी फळ्यावर आकडा पडला: शून्य.

फोरमनने तोवर नऊ टाकल्या होत्या.

"बघितलंस?" तो घरी म्हणाला. "नऊ गिळल्या आणि ढेकरही दिला नाही."

लेक भांडली नाही. तिसऱ्या चिठ्ठीनंतर तिने वाद घालणं सोडूनच दिलं होतं. उलट रोज जेवणाच्या सुट्टीत ती फडकं घेऊन पेटी पुसायची. फटीत वंगणाची घाण बसते म्हणून कापलेल्या पत्र्याची एक पातळ पट्टीही तिने एप्रनच्या खिशात ठेवली होती. कामावरच्या बायका हसायच्या. ती म्हणायची, "चिठ्ठ्या राहतात तिथे. घर स्वच्छ नको?"

फोरमनला बरं वाटायचं. निदान एक माणूस तरी आपल्या बाजूला आलं.

तिला दुसऱ्या मशीनवर हलवणं त्याच्या हातात होतं. पण मग चार नंबरवर दुसऱ्या कुणाची तरी लेक बसवावी लागली असती. दोन रात्री त्याने विचार केला आणि सोडून दिला. फिटरकडून ब्रेक तीनदा तपासून घेतला. हजारात एखादाच ठोका चुकायचा, आणि फिटर समोर असला की मशीन परीक्षेला बसलेल्या हुशार पोरासारखं वागायचं.

एकदा त्याने मालकापुढे आडून विषय काढला. "लोक म्हणतात, चार नंबर बरोबर चालत नाही."

"लोकांना म्हणावं, पेटीत टाका," मालक म्हणाला. "चिठ्ठी निघाली की मला तरी कुठे पर्याय आहे?"

दुसरा सोमवार. शून्य. तिसरा. शून्य. काचेच्या केबिनमध्ये मालक आणि निरीक्षक चहा पीत होते, कशावर तरी हसत होते. फोरमनने बाहेरून दोघांचे दात पाहिले.

चौथ्या सोमवारी त्याने निरीक्षकाला फाटकात गाठलं. "साहेब, चिठ्ठ्या वाचता ना?"

"असल्या तर वाचतो की!" निरीक्षक स्कूटरला किक मारत म्हणाला. "तुमच्याकडची माणसं फारच समाधानी आहेत बुवा."

त्या रात्री फोरमनने एकेचाळिसावी चिठ्ठी लिहिली. अक्षरं इतकी दाबून काढली की कागद दोन जागी फाटला. "माझी मुलगी तिथे बसते," असंही खाली लिहिलं. आता नाव लिहायचंच तेवढं उरलं होतं.

गुरुवारी, जेवणाची सुट्टी संपून दहा मिनिटं झाली असतील, चार नंबरचा ठोकळा आपणहून खाली आला. लेकीचा उजवा हात आत होता.

निरीक्षक तासाभरात पोचला. फोरमन दवाखान्यातून तसाच परत आला, बाहीवर रक्त वाळलेलं. केबिनचं दार त्याने लाथेने उघडलं.

"एकेचाळीस चिठ्ठ्या टाकल्यात मी! उघडा पेटी! सगळ्यांसमोर उघडा!"

दोघे उठले. दोघांनी आपापलं कुलूप उघडलं. झाकण खाली पडलं. सगळा कारखाना माना उंच करून बघत होता.

आत काही नव्हतं. धूळही नव्हती.

"एकही नाही, फोरमन," निरीक्षक हळूच म्हणाला. "कधीच नव्हती. मला वाटायचं, यांनीच लोकांना दम दिला असेल."

"मी?" मालक म्हणाला. "अहो, मी दर महिन्याला चिठ्ठीची वाट बघायचो."

"जाळल्यात तुम्ही!" फोरमन ओरडला. फळा त्याने हिसकून जमिनीवर आपटला. शून्याचे दोन तुकडे झाले. कुणी त्याला अडवलं नाही.

संध्याकाळी दवाखान्यात नर्सने लेकीची पिशवी त्याच्या हातात दिली. "शुद्धीवर आली होती थोडा वेळ. सारखं तुमचंच विचारत होती, बाबांची नोकरी राहिली का म्हणून. तिचं ओळखपत्र असेल तर द्या, कागद भरायचेत."

ओळखपत्र वरच्या कप्प्यात नव्हतं. फोरमनने पिशवी बाकावर उपडी केली. एप्रन पडला. एप्रनच्या खिशातून पत्र्याची पट्टी निसटली. तिच्या टोकाला चिकटपट्टीचं वेटोळं गुंडाळलेलं होतं, चिकट बाजू बाहेर. मग जेवणाचा डबा. तो हातात हलका लागला, पण रिकामा नव्हता. आत काहीतरी सळसळलं.

त्याने झाकण काढलं. वरच्या चिठ्ठीचा कागद दोन जागी फाटलेला होता. तिच्याखाली चाळीस होत्या, सगळ्या चौकोनी घडीच्या.