दहा ते अकरा

टेसाने पडद्यावरचा आलेख व्हर्नकडे वळवला. "हे बघा, रोज सकाळी दहा ते अकरा डावा हात हलतोय. तेव्हा तुम्ही पत्नीकडून व्यायाम करून घेता का?"

"नाही. तेव्हा मी किराणा आणायला जातो."

पक्षाघाताने व्हर्नच्या बायकोची, मार्लिसची, डावी बाजू लुळी पडून अकरा महिने झाले होते. डुलुथच्या पुनर्वसन केंद्रात टेसा अशाच रुग्णांवर संशोधन करत होती. पूर्वी हात दवाखान्यात किती हलतो तेवढंच मोजायचे. आता मनगटाला हालचाल टिपणारा पट्टा बांधून तो घरी किती हलतो तेही बघत. इथे तपासणीत मार्लिसचा डावा हात दर वेळी मांडीवर पडून राही. घरी मात्र तो रोज तासभर कामात होता. पट्टा हातावर आहे, हे ती विसरूनच गेली असावी.

व्हर्न गाडीत येऊन बसला, पण किल्ली फिरवायचं त्याला सुचेना. अकरा महिने त्याने तिला आंघोळ घातली होती, तिच्या बुटांचे बंद बांधले होते. झटका आला त्या सकाळी तो तिला सोडून चालला होता. 'मी जातोय' एवढं त्याने म्हटलं आणि तासाभरात ती स्वयंपाकघरात कोसळली. त्यानंतर त्या विषयावर दोघांनी चकार शब्द काढला नव्हता.

घरी आल्यावर त्याने कोटही उतरवला नाही. "हात हलतोय तुझा. माझ्यापासून लपवलंस."

मार्लिस खिडकीबाहेर बघत राहिली. सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला होता. "मी बरी झाले की तू मोकळा झालास," ती म्हणाली. "रोज ठरवायचे, आज सांगून टाकू. मग तू माझ्या पायात बूट घालायला खाली बसायचास, आणि माझं तोंडच उघडायचं नाही."

आपल्याला रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आला तो संताप.

"अकरा महिने तुझ्याशी एकदाही भांडलो नाही मी! आजारी बाईशी भांडायचं तरी कसं? जायचं की राहायचं, तेसुद्धा ठरवता येईना. आता भांड माझ्याशी!"

मग तिचा मांडीवरचा डावा हात हळूहळू वर आला, आणि त्याचं एक बोट सरळ व्हर्नच्या छातीवर रोखलं गेलं.

"मग आधी हे सांग," ती म्हणाली, "त्या दिवशी तू कुणाकडे निघाला होतास?"