मोकळीढाकळी पोरगी

"डोळ्यांत बघवत न्हाई, तर नाकाच्या शेंड्याकडं बघ. समोरच्याला काही कळत न्हाई," लेकीचा पदर नीट करत नंदाबाईनं पुन्हा बजावलं. "आन् ते हसले की हस. आधी न्हाई, नंतर न्हाई."

अर्पितानं मान हलवली. राजूरचे पाहुणे टेंभुर्णीत पोचले होते आणि मच्छिंद्रमामा त्यांना आणायला फाट्यावर गेला होता. आधीची दोन स्थळं हातची गेली होती. एकांनी पोरगी घुमी आहे असा निरोप धाडला, दुसऱ्यांनी नुसतंच तोंड वाकडं केलं. नंदाबाईला तेव्हा अन्न गोड लागत नव्हतं.

पोरगी घुमी नव्हती हो. कुकरची शिट्टी, लग्नातला बँड, एकाच वेळी बोलणारी चार माणसं, यांनी तिचं डोकं भणभणायचं. लोक गालातल्या गालात का हसतात, ते तिला उमगायचं नाही. संभाजीनगरला शिकत असताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला ऑटिझम असं नाव दिलं. हा काही आजार नाही, तुझी घडणच अशी आहे, असंही समजावलं. अर्पिता त्या दिवशी रडली, पण सुटल्यासारखं वाटून रडली. नंदाबाईचं मात्र एकच पालुपद: झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हणून ही तालीम. शेजारची वहिनी मोठी बोलकी. ती कधी हसते, कुठं 'अय्या' म्हणते, हात कसे हलवते, हे अर्पितानं महिनाभर न्याहाळलं आणि तंतोतंत उचललं. संध्याकाळी फक्त जबडा दुखायचा.

पाहुणे आले, पोह्यांच्या बश्या फिरल्या. अर्पितानं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. मुलाची आत्या साळूबाई काहीतरी गमतीचं बोलली, तेव्हा बरोबर वेळेला हसलीसुद्धा. दारामागं नंदाबाईचा जीव भांड्यात पडला. मग मामानंच सुचवलं, पोरापोरीला दोन शब्द बोलू द्या.

मुलाचं नाव भारत. बियाण्यांचं दुकान चालवायचा. आतल्या खोलीत येताच त्यानं खडखडणारा पंखा बंद केला आणि मला वारा सोसत नाही म्हणाला. बाहेर ऊन रणरणत होतं, पण अर्पिताच्या डोक्याला इतका आराम पडला की हा माणूस तिला तिथंच आवडून गेला. मग तो पलंगावर बसला आणि चादरीची किनार चिमटीत धरून चोळू लागला. धूळ बघतोय की काय, असं वाटून ती ओशाळली.

बोलायला मात्र गडी भलता चलाख. तुमच्याकडचा रस्ता चांगला झाला, तुम्हाला काय आवडतं, पुढं शिकायचंय का? एक विचारून होतं न होतं तोच दुसरं तयार. बोलताना नजर तिच्या कपाळावरून हलत नव्हती. टिकली सरकली असेल म्हणून तिनं चाचपून पाहिली, तर टिकली जागच्या जागी.

आईला न सांगता अर्पितानं एक ठरवलं होतं. आपण कशा आहोत ते ह्या माणसाला सांगून टाकायचं. ऐकून जो उठून जाणार नाही, त्याच्याच घरी नांदायचं. नाहीतर जन्मभर सासरी वहिनीचं सोंग घेऊन हसत बसायचं, ते तिला नको होतं.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली.

"सांगा ना. अगदी मोकळेपणानं सांगा," तो म्हणाला आणि छान हसला.

त्या हसण्यानंच घात केला. किती सहज हसतो हा, याला काय कळणार डोकं भणभणणं! ओठांवर आलेलं वाक्य माघारी फिरलं आणि त्याच्या जागी वहिनीचं आलं. अय्या, काही नाही, तुमचा शर्ट छान आहे, एवढंच ती म्हणाली. दोघंही खळखळून हसले. बाहेर नंदाबाईनं देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले.

पाहुणे गेले तशी अर्पिता उशीत तोंड खुपसून पडून राहिली. माणूस आवडला होता, म्हणून तर जास्तच वाईट वाटत होतं. तरी तिनं आईला सांगितलं, होकार आला तर माझी ना नाही. आईचा उतरलेला चेहरा तिला पुन्हा बघायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रमामा आला आणि चपला न काढताच ओट्यावर टेकला. राजूरहून नकार आला होता.

माझ्या पोरीत काय खोट दिसली, नंदाबाईनं कसंबसं विचारलं.

"खोट कसली? साळूबाई तर अजून तारीफ करून राह्यली," मामा म्हणाला. "पोरगंच अडून बसलंय. ते जरा येगळंच हाय म्हणे. काय बोलायचं, कधी हसायचं, सगळं आत्यानं म्हैनाभर समोर बसवून शिकवलं, तवा कुठं आणलं त्याला. आता म्हणतं, पोरगी लई मोकळीढाकळी हाय, आपल्याला न्हाई झेपायची. मला अशी पायजे, जिच्याजवळ गप बसलं तरी चालंल."