पहिलं पान

१९९९ साली माझ्या भाचीने, शकूने, इंटरनेटवर आनंदासाठी एक साइट केली. माझा मुलगा आनंदा त्याआधी सात वर्षं कोलशेतच्या घरातून निघून गेला, तो परतलाच नाही. पुढे ते घर कारखान्यासाठी पाडलं आणि आम्ही डोंबिवलीला आलो. नवा पत्ता त्याला कुठून कळणार?

"आत्या, होम पेज म्हणजे आपला ओटा. आलेला माणूस आधी तिथंच टेकतो," शकू म्हणाली.

"मग ओट्यावर पत्ताच लिही, बाई."

तिने पत्त्याचं पान पहिलं म्हणून निवडलं. दुसऱ्या दिवशी साइट उघडली, तर पहिल्या पानावर कोलशेतचं घर होतं. त्या घराचा फोटो आम्ही कधीच काढला नव्हता.

"शप्पथ आत्या, मी नाही ठेवलेला!"

तिने पुन्हा पत्ता लावला. सकाळी परत तेच घर. या वेळी अंगणात आनंदा पाठमोरा उभा होता, बंद दाराकडे तोंड करून.

"आनंदा, तिथं कुणी नाही रे!" मी पडद्यावर हात ठेवून ओरडले. "शके, पत्ता लाव. लवकर!"

शकूने पत्ता निवडून बटण दाबलं. पान नेहमीसारखं वरून खाली, सावकाश उघडू लागलं. आधी कोलशेतच्या घराचीच कौलं दिसली, मग चौकट, मग उघडं दार.

दारात मीच उभी होते. अजून खाली, माझ्या पायांवर, आनंदाने डोकं ठेवलं होतं.