सत्काराची रोपं

पहिलं रोप बावड्याच्या बापूसाहेबांच्या हातात गेलं, तेव्हा सुप्रियाला कळलं, सकाळी ती धारा काढून आली तर शेडनेट रिकामं का होतं.

तिचा धाकटा दीर दिग्विजय सोसायटीचा चेअरमन झाला होता. दारात मांडव, पाव्हणे-रावळे, माइक. मोठी माणसं आता हारतुरे घेत नाहीत म्हणे. रोप द्यायचं, फोटो काढायचा. द्या की! पण रोपं कुणाची? क्रेटमधून एकेक काढून वर देत होता तो तिचाच नवरा, रणजित. मागं बायकांत बसलेल्या तिच्याकडं बघायचं तेवढं चुकवत होता.

ब्लूबेरीची त्रेसष्ट रोपं. खसखशीएवढं बी तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून तीन महिने फ्रिजमध्ये ठेवलं होतं, तेव्हा सगळं घर हसलं होतं. उगवलं ते केसाएवढं. बोअरचं खारं पाणी घातलं की मान टाकायचं, म्हणून पिंपं भरून पावसाचं पाणी साठवलं, वाटीवाटीनं घातलं. असे दोन उन्हाळे काढले. सासरे मोहनराव चार माणसांदेखत बोलले होते, "जगवून दाव. वड्याकडचा अर्धा एकर तुझा. काढ नर्सरी."

"आत्याबाई, मला इचारलंबी न्हाय कुणी," ती शेजारी बसलेल्या सासूला म्हणाली.

"इचारायचं काय त्यात? घरचंच हाय," बनाबाई पुटपुटल्या. "चार माणसांत शोभा करू नगंस."

बापूसाहेबांनी रोप खुर्चीखाली ठेवलं आणि थोड्या वेळानं तंबाखूची पिंक त्याच्याच पिशवीत टाकली. दुसऱ्या एका पाव्हण्यानं निमंत्रणाचे कागद उडू नयेत म्हणून रोप त्यावर ठेवून दिलं. तिसरा जेवायला उठला तो रोपावर पाय देऊनच. मेल्या, डोळे फुटले का तुझे, असं सुप्रियाच्या अगदी ओठांवर आलं. तिनं पदराचं टोक दातात धरलं.

"आणि आता आपल्या घरच्या लक्ष्मीचा सत्कार!" माइक गरजला. बनाबाईंनी पाठीत ढोसलं. सुप्रिया उठली, स्टेजवर गेली.

दिग्विजयनं उरलेलं शेवटचं रोप तिच्या हातात दिलं. "वहिनी, रोज पाणी घाला बरं का. लय नाजूक असतंय ह्ये!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रणजितनंसुद्धा.

"जरा जवळ सरका ताई," फोटोवाला म्हणाला.

ती मोहनरावांच्या बाजूला सरकली. आत्ता नाही विचारलं तर कधीच विचारणं होणार नाही, हे तिला कळत होतं.

"मामंजी, त्या अर्ध्या एकराचं काय?"

मोहनरावांनी डोक्यावरचा फेटा सारखा केला आणि कॅमेऱ्याकडं बघत छान हसले.

"घिऊन लावणार काय त्यात?"