पाठीवरचं नाव

काम्पुसानो दारात येऊन उभा राहिला तेव्हा रेडिओवर बेसबॉलचा सातवा डाव चालू होता, आणि एर्मीनिया कढईतली पोळीएवढी मैद्याची पुरी, यानीकेके, उलटायची विसरून गेली होती.

इस्त्रीचा शर्ट, काखेत कातडी पिशवी, बुटांवर मिठागराची पांढरी धूळ. त्यानं आल्या आल्या काम सांगितलं. पेलिकानोस संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, रादामेस लेब्रोन अमेरिकेतल्या एका बड्या क्लबाला हवा होता. करार करण्याआधी नाव, गाव, वय सगळं खरं आहे ना, एवढं त्याच्या आईला विचारून बघायला काम्पुसानोला पाठवलं होतं.

"बसा," एर्मीनिया म्हणाली. "रेडिओ मात्र बंद करणार नाही. शेवटची मॅच आहे."

ऑक्टोबरपासून तिनं एक मॅच चुकवली नव्हती. सुरुवातीला पेलिकानोस ओळीनं अकरा मॅच हरले, अख्ख्या पुंता सालादा गावानं रेडिओ बंद केले, तरी ती ऐकत राहिली. मग रादामेस लेब्रोन पहिल्यांदा मैदानात उतरला, आणि त्या दिवशी तिची अख्खी कढई करपली. तिथून संघ जो चढत गेला तो थेट अंतिम फेरीत. निवेदक ते नाव ताणून ताणून घ्यायचा, आणि नाव संपेपर्यंत ती श्वास रोखून धरायची. स्टेडियममध्ये मात्र ती एकदाही गेली नाही. घरी आलेली तिकिटं शेजाऱ्यांत वाटून टाकली.

आज उंबऱ्यावर शेजारचा चेपे बसला होता. म्हातारा समोरच्या संघाचा चाहता. सबंध मोसमभर त्यानं कुंपणावरून टोमणे मारले होते, की तुझे पेलिकन आजही उपाशीच घरट्यात परतणार. आता मात्र तो गुडघ्यावर हनुवटी ठेवून रेडिओ ऐकत होता.

काम्पुसानोनं कागद काढला. जन्म कधीचा, कुठला, त्यानं विचारलं. तिनं तारीख सांगितली, वार सांगितला. याच खोलीत, त्या खिडकीखाली. डाव्या कानामागं तांबडा डाग होता, तो पुढं गेला. पहिला दात सातव्या महिन्यात. ती थांबली नाही, अडखळली नाही.

"म्हणजे आता एकोणीस पूर्ण?"

"साल लिहिलंय ना तुम्ही? हिशेब तुम्हीच करा."

"शेवटची भेट?"

"नाताळात येऊन गेला. दोन ताटं भात खाल्ला. जाताना टोपी काढून आशीर्वाद मागितला."

काम्पुसानो जरा हसला. "राग मानू नका, एर्मीनियाबाई. या किनाऱ्यावर पोरांची वयं चार-चार वर्षांनी कमी होतात, असं लोक म्हणतात."

"तसं होत असतं तर मी आधी माझं कमी करून घेतलं असतं," उंबऱ्यावरून चेपे म्हणाला.

काम्पुसानो त्याच्याकडे वळला. तुम्ही कोणत्या संघाचे, त्यानं विचारलं. चेपेनं सांगितलं. काम्पुसानोचे डोळे बारीक झाले. मग तुम्हाला खरं सांगायला काय हरकत आहे, या पोराला तुम्ही कधीपासून ओळखता, तो म्हणाला.

एर्मीनियानं झारा घट्ट धरला.

चेपेनं पायाची नखं न्याहाळली. "जन्मला त्या दिवशी वादळ होतं," तो म्हणाला. "सुईणीला माझ्या गाढवावर बसवून आणलं. गाढव कायमचं लंगडं झालं. अजून काय सांगू?"

काम्पुसानोनं एक फोटो टेबलावर ठेवला. मैदानावर पाठमोरा उभा, मान वळवून बघणारा उंच पिचर. "हाच का तुमचा मुलगा?"

तिनं हात ॲप्रनला पुसले, फोटो उचलला, खिडकीपाशी नेला.

"पाठीवर काय लिहिलंय?"

"आर. लेब्रोन."

"मग? माझ्या रादामेसचं नाव मी ओळखणार नाही होय?"

तेवढ्यात रेडिओवर गलका झाला. नववा, शेवटचा डाव, चेंडू रादामेस लेब्रोनच्या हातात. पेलिकानोस एका धावेनं पुढं, समोरच्यांचे दोघं बाद, पण तिन्ही बेसवर त्यांचे खेळाडू उभे. एक फटका बसला की मोसम संपला. काम्पुसानो रेडिओकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

पहिला चेंडू बाहेर. दुसरा स्ट्राइक. बघता बघता तीन बाहेर, दोन स्ट्राइक. आणखी एक स्ट्राइक पडला की पेलिकानोस जिंकले. सगळं स्टेडियम एका सुरात ओरडू लागलं, रा-दा-मेस, रा-दा-मेस, आणि मूठ तोंडाशी धरून तीही पुटपुटू लागली. तिच्या कपाळावरची शीर उडत होती. कढईतून धूर निघत होता, पण कुणी हललं नाही.

बॅट फिरली. हवेत फिरली. तिसरा स्ट्राइक.

निवेदकाचा आवाज फाटला. एर्मीनिया होती तिथंच जमिनीवर बसली, आणि तिचे खांदे गदगदू लागले.

काम्पुसानोनं कागदावर सही केली. "बत्तीस घरं पाहिलीत मी," तो हळू आवाजात म्हणाला. "पढवलेल्या बायका लगेच कळतात. आईशिवाय असं कुणी ऐकत नाही." त्यानं वाकून तिला नमस्कार केला आणि तो निघून गेला.

मोटार वळणाआड गेली.

"माझा संघ हरला तो हरला, वर साक्षही मीच दिली," चेपे म्हणाला. मग कढईजवळचा झारा उचलत, "जा तू. मी बघतो इथलं."

ऊन अजून होतं. मिठागरामागच्या दफनभूमीत ती तिसऱ्या रांगेतल्या आखूड क्रुसापाशी थांबली. चार वर्षांपूर्वी, फोटोतल्या पोराला हे नाव दिलं तेव्हा, तिनंच आपल्या हातानं चुना फासून क्रुसावरचं नाव झाकलं होतं. ती मातीत बसली.

"ऐकलंस ना, रादामेस?" ती म्हणाली. "वीस हजार माणसं तुझं नाव घेत होती, बाळा."